कंट्रोलर बदलला आणि सायकलची गाडी झाली: ई-सायकलचे नऊ महिने

वापर नऊ महिने, २,७०० किलोमीटर, सगळे पुण्यात. सायकल नेहमीचीच: मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, पेडल असिस्टच्या (पेडल मारताना मोटरच्या मदतीच्या) पाच पायऱ्या आणि पेडल न मारता मोटर चालवणारा अंगठ्याचा थ्रॉटल. रेंज आणि चार्जिंगबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, त्यात भर घालण्यासारखे काही नाही. कंट्रोलरबद्दल मात्र कोणी लिहीत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. बॅटरीतून मोटरला किती करंट जायचा हे बघणारी, साबणाच्या वडीएवढी ती अ‍ॅल्युमिनियमची डबी ठरवते की खाली सायकल आहे की बिननंबरची मोटारसायकल.

जुलैच्या पावसात मोटर बंद पडली. डिस्प्ले चालू, दिवा चालू, मोटर गप्प. असे झाले की क्रमाने तपासावे. आधी बॅटरीचा व्होल्टेज: पूर्ण चार्जला ४२, आणि ३०-३१ ला बॅटरी स्वतःहून बंद होते. मग ब्रेक. दोन्ही लिव्हरमध्ये मोटरचा करंट तोडणारे स्विच असतात. त्यातला एक जरी पाण्याने चिकटला तरी मोटर उठत नाही. सायकल स्टँडवर ठेवून, चाक अधांतरी असताना, त्यांचे कनेक्टर एकेक करून सोडून पाहावेत आणि तपासणी झाली की परत जोडावेत. मग पेडलजवळची चुंबकांची चकती. थ्रॉटलवर मोटर फिरते पण पेडल मारून फिरत नाही, तर दोष त्या चकतीत किंवा तिच्या सेन्सरमध्ये. बहुतेक वेळा नुसता चिखल असतो. दोन्हीवर फिरत नाही आणि ब्रेक, बॅटरी ठीक आहेत, तर कंट्रोलर. इथे तोच गेला होता. केबल वरून थेट डबीत शिरत होत्या, त्यामुळे पाणी केबलवरून ओघळत आत जात होते आणि पिना हिरव्या पडल्या होत्या. केबल डबीच्या खाली नेऊन, एक वळसा देऊन मग वर आत घातली की थेंब वळशाच्या तळाशीच गळून पडतो. हे कारखान्यातच व्हायला हवे. त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

सर्व्हिस सेंटरने मूळ कंट्रोलरला तीन आठवडे लागतील म्हणून सांगितले आणि तोवर ‘युनिव्हर्सल’ बसवून दिला. बिलावर फक्त ‘कंट्रोलर बदली’. मॉडेल नंबर नाही, वेगाची नोंद नाही. सपाट रस्त्यावर, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, नुसत्या थ्रॉटलवर मोबाइलच्या जीपीएसने वेग मोजला तर ताशी ३३ किलोमीटर, कायद्याची मर्यादा २५ असताना. तक्रार केल्यावर उत्तर आले, “लोक पैसे मोजून लिमिट काढून घेतात, तुम्हाला तशीच मिळाली.” विकणाऱ्यांची ही वृत्ती गैर आहे, कारण ते ग्राहकाच्या डोक्यावर काय ठेवतात हे त्याला सांगत नाहीत.

ते काय, ते सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू)प्रमाणे बॅटरीवरची गाडी ‘मोटार वाहन’ ठरत नाही, पण अटींवर. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. पेडल असिस्टच्या सायकलमध्ये वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन २५ ला, किंवा पाय थांबले तर त्याआधीच, पूर्ण तुटली पाहिजे. आणि हे सगळे नियम १२६ मधल्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून प्रमाणित केलेले हवे. पुण्यातल्या टेकडीवरची एआरएआय ही वाहने तपासणारी संस्था त्यातलीच एक. म्हणजे सूट सायकलच्या रूपाला नाही, तपासलेल्या जोडणीला आहे. डबी बदलली की तपासलेली जोडणी उरत नाही.

मग मोटार वाहन अधिनियम, १९८८ पूर्ण लागू होतो. नोंदणी नाही, विमा नाही. सायकल मूल चालवत असेल तर त्याच्याकडे लायसन्स नाही. मालकाने न परवानगीचा बदल केला तर कलम १८२अ(४)प्रमाणे प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सगळ्यात गंभीर म्हणजे कलम १९९अ: अल्पवयीन मुलाच्या हातून मोटार वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा मालक जबाबदार, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. क्लासला जाण्यासाठी आठवी-नववीच्या मुलांना ज्या ई-सायकली घेऊन दिल्या जातात, त्यांचे लिमिट दुकानदार हसत हसत काढून देतो. त्या मुलाने कोणाला उडवले तर तिसऱ्या पक्षाचा विमा नाही. भरपाई घरातून जाते. पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पहिल्या तीन महिन्यांत परीक्षण लिहिले असते तर २५ ची मर्यादा हा या सायकलचा मोठा दोष म्हणून लिहिला असता. सिंहगड रोडवर मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवतो आणि मोटर नेमकी तेव्हाच हात आखडते. हे मत बदलले आहे. मर्यादा ही सायकलची उणीव नाही, सायकल असण्याची किंमत आहे, आणि ती स्वस्त आहे.

मर्यादा खरीच २५ ला आहे का, हे घरी तपासता येते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये चाकाचा आकार पाहावा. चाक साडेसत्तावीस इंची आणि सेटिंग २६ इंची असेल तर डिस्प्लेवर २५ दिसताना खरा वेग २६ च्या जवळ असतो, कारण एका फेरीत चाक सुमारे २.१५ मीटर पुढे जाते आणि डिस्प्ले २.०७ धरून हिशेब करतो. दुसरे, कंट्रोलरवर ‘३६ व्होल्ट, १५ अँपिअर’ छापलेले असते. रस्त्यावर कोणीही त्याचा गुणाकार करून ५४० वॉट म्हणू शकतो. ती क्षणभराची कमाल खेच आहे. नियमात मोजतात ती तीस मिनिटे सलग देता येणारी शक्ती. हा फरक त्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणी अहवालात लिहिलेला असतो, तोंडी वाद घालू नये. अहवालात थ्रॉटलचा उल्लेख आहे का तेही पाहावे. नुसत्या पेडल असिस्टवर पास झालेल्या सायकलला बाजारातला थ्रॉटल लावला तर तीही तपासलेली सायकल राहत नाही.

आता महापालिकेचा प्रश्न. सगळे म्हणतात ‘महापालिकेने या ई-बाइकवर काहीतरी करावे’. ई-सायकलचा वेग किंवा शक्ती ठरवायचा अधिकार महापालिकेला नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत आहेत आणि यांत्रिक नसलेली वाहने राज्य सूचीत, रस्त्यांबरोबर. ई-सायकल बरोबर या शिवणीवर बसते. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची आली, तिच्यात रस्ते-पूल आहेत, पार्किंगच्या जागा आणि बसथांबेही आहेत. वाहतुकीचे नियमन नाही.

एखाद्या रस्त्यावर नो एंट्री किंवा एकेरी वाहतूक होते ती वाहतूक शाखेच्या आदेशाने, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५, ११६, ११७ खाली. कलम ११५ चे शब्द ‘मोटार वाहने’ असे आहेत. सूट असलेली ई-सायकल त्यात येत नाही. पण म्हणून मोकळे रान समजू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्तांना सर्व प्रकारच्या रहदारीसाठी नियम करता येतात आणि तिथे सायकल चालवणे हे शब्द स्पष्ट आहेत. त्यामुळे फलक दिसला तर तो पाळावा, आणि वाद असेल तर मूळ आदेश मागून त्यात कोणते कलम लिहिले आहे ते वाचावे. मुंबईचा कोस्टल रोड आणि सागरी सेतू सायकलींना बंद आहेतच, तिथे मोटर असो नसो.

महापालिकेच्या हातात उरते ती खुद्द रस्त्याची जागा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २०८ खाली आयुक्तांना महापालिकेच्या मंजुरीने एखाद्या सार्वजनिक रस्त्यावर वाहनांना बंदी करता येते. पूर्वी सायकलला महापालिकेचा पितळी बिल्ला लागायचा, कर भरल्याची खूण म्हणून; घरातल्या मोठ्यांना विचारा. आज सायकलपुरती महापालिका दिसते ती तीनच ठिकाणी: पार्किंग, सायकल ट्रॅक आणि ट्रॅकच्या तोंडाशी लावलेले खांब.

पार्किंगमध्ये रोजची कटकट आहे. ठेकेदाराचा माणूस मोटर बघतो आणि दुचाकीची पावती फाडतो. दरफलकावर सायकल आणि दुचाकी वेगळ्या असतील तर चाचणी अहवालाची प्रत दाखवावी. दहापैकी सात-आठ वेळा काम होते. टोइंगचा मामला असा की कलम १२७ ची उचलाउचल मोटार वाहनांसाठी आहे. पण फूटपाथवर खांबाला बांधून ठेवलेली सायकल अतिक्रमण विभाग रस्त्यावरची वस्तू म्हणून कलम २३१ खाली नोटीस न देता उचलू शकतो. ती सोडवायला वाहतूक चौकीत गेलात तर तिथे सापडणार नाही, क्षेत्रीय कार्यालयात विचारावे.

अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांनी तिथली पद्धत विचारून बघावी. कॅलिफोर्नियात ई-सायकलचे तीन वर्ग आहेत. पहिल्या दोनांना ताशी २० मैल, तिसऱ्याला २८ मैल. तिसऱ्यासाठी वय १६ आणि हेल्मेट सक्तीचे. वर्ग, वेग आणि वॉट लिहिलेले न निघणारे लेबल २०१७ पासून प्रत्येक सायकलवर लागते. कोणत्या पायवाटेवर कोणता वर्ग बंद करायचा हे शहराला ठरवता येते, कारण राज्याने तेवढा अधिकार कायद्यात लिहून दिला आहे. आपल्याकडे शहराला तसे काही लिहून दिलेले नाही आणि सायकलवर लेबलही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३८(१अ) आले आहे. त्याखाली यांत्रिक नसलेली वाहने आणि पादचारी यांच्यासाठी राज्याला नियम करता येतात. ई-सायकल कोणत्या बाजूची हे त्या नियमांत एका ओळीत लिहिले आणि लेबल सक्तीचे केले, तर पार्किंगवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांचे निम्मे वाद मिटतील.

सध्या मात्र कागद जवळ ठेवणे हाच उपाय. चाचणी अहवालाच्या पहिल्या पानाची लॅमिनेट केलेली प्रत, बिल (फ्रेम नंबर लिहिलेले), आणि मोटरवरच्या पाटीचा फोटो. तिन्हींवरचे मॉडेल जुळले पाहिजे. कंट्रोलर बदलला तर बिलावर मॉडेल नंबर आणि ‘मूळ प्रमाणित भाग’ असे लिहून घ्यावे. इथे लेखी मागणी केल्यावर, चाचणी अहवालाचा उल्लेख करून, मूळ कंट्रोलर तीन नव्हे, पाच आठवड्यांनी आला. ‘युनिव्हर्सल’ काढून घेतला, पैसे परत दिले. आता थ्रॉटलवर २४.

ट्रॅकबद्दल मत दोनदा बदलले. मूळ सायकल परत आल्यावर वाटले, आता ट्रॅकच आपला. पण २४ च्या वेगाला पुण्यातले ट्रॅक चालत नाहीत. दर पंचवीस-तीस पावलांवर बंगल्याचे फाटक, विजेचा डीपी, नाहीतर भाजीची हातगाडी. पेडल असिस्ट एकवर, १४-१५ च्या वेगाने, जंगली महाराज रस्त्यावरचा ट्रॅक बरा जातो, आणि ट्रॅकवर चालणारे लोक आहेत म्हणून तोच वेग योग्यही आहे.

खरी अडचण ट्रॅकच्या तोंडाशी लावलेल्या खांबांची. स्कूटर आत येऊ नयेत म्हणून महापालिकेच्या पथ विभागाने ते लावले, हेतू रास्त आहे. पण रोजच्या वाटेवर तीन ठिकाणी दोन खांबांतले अंतर ५८ ते ६० सेंटिमीटर भरले आणि या सायकलचे हँडल ६६ आहे. साधी सायकल तिरकी उचलून काढता येते. ही २४ किलोची आहे आणि वजन मागच्या चाकात. पुढचे चाक खांबांपलीकडे नेले तरी मागचे अडते. तक्रार करताना ‘खांबांचा त्रास होतो’ असे लिहू नये. चौकाची कोणती बाजू, खांब किती, अंतर किती सेंटिमीटर आणि मेजरिंग टेप लावलेला फोटो द्यावा. तसे दिल्यावर एका ठिकाणचा मधला खांब निघाला, तिथली जागा आता ७४ आहे. उरलेल्या दोन ठिकाणी अजून उतरून, हँडल वळवून, मागचे चाक कॅरिअरला धरून उचलावे लागते.