थर्मोस्टॅट घरी बदलला, त्याला काही महिने झाले: माझे सगळे लक्ष एका पिनेवर

हमरस्त्यावर गाडीच्या तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढेनासा झाला आणि हीटरमधून कोमट वाऱ्यापलीकडे काही येईना, तेव्हा गॅरेजमध्ये मला सांगण्यात आले की इंजिन थंड चालते आहे हे चांगलेच आहे, आणि फारच खटकत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकू. या सल्ल्याचा मला आजही राग येतो. इंजिन जितके थंड तितके त्याचे आयुष्य जास्त, हा समज अनेक गाड्यांचे नुकसान करतो. इंजिन अजून तापलेले नाही असे गाडीच्या संगणकाला वाटत राहिले की तो पेट्रोल जास्त सोडतो, त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते, आणि ऑइलमधली वाफ उडून जाण्याइतकी उष्णता मिळत नसल्याने तेथे पाणीही साठत जाते. त्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा पी०१२८ हा कोड आला. कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. थर्मोस्टॅट उघडा अडकला असल्याची शंका येण्यास एवढे पुरेसे होते. शिवाय थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरकडे जाणारा वरचा पाईप पहिल्या काही मिनिटांतच कोमट होऊ लागे. झडप नीट मिटलेली असती तर तो बराच वेळ गार राहायला हवा होता.

काम घरी करायचे ठरवले, कारण सुटा भाग स्वस्त होता आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट सांगितली गेली होती. दुकानातून आधी जो थर्मोस्टॅट मिळाला त्याचा आकार बरोबर होता, त्यावर झडप उघडण्याच्या तापमानाचा ८२ (अंश सेल्सिअस) हा आकडाही बरोबर कोरलेला होता, पण त्याच्या कडेला हलती पिन नव्हती. मी तो परत केला आणि पिन असलेला मागवला. दुकानदाराच्या मते हा निव्वळ हट्ट होता.

ही पिन म्हणजे थर्मोस्टॅटच्या चकतीतल्या बारीक छिद्रात सैल बसवलेला धातूचा तुकडा. कूलंट भरताना झडप मिटलेली असते, त्यामुळे इंजिनात कोंडलेल्या हवेला वर येण्यास एवढीच वाट उरते. इंजिन चालू झाले की पंपाच्या दाबाने पिन छिद्रावर बसते आणि ती वाटही बंद होते. पिन नसेल तर हवेचा फुगा थर्मोस्टॅटच्या खालीच राहू शकतो; मग तापल्यावर फुगून झडप उघडणाऱ्या मेणाच्या कुपीला गरम कूलंटऐवजी हवा लागते, झडप उशिरा उघडते, आणि नवा भाग घालूनही इंजिन तापते. माझ्या गाडीत थर्मोस्टॅट उभा बसतो, म्हणून बसवताना पिन सर्वांत वर यायलाच हवी. ती खाली गेली तर असून नसल्यासारखीच.

बसवण्यापूर्वी जुना आणि नवा असे दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्याच्या भांड्यात तळाला टेकणार नाहीत असे सोडले आणि शेजारी थर्मामीटर धरला. जुन्याची झडप गार पाण्यातही किंचित उघडी दिसत होती, त्यामुळे निदानाबद्दल शंका उरली नाही. नवा साधारण सांगितलेल्या आकड्यालाच उघडू लागला आणि पाणी उकळण्याआधी पूर्ण उघडला. ही चाचणी वगळून कोणी नवा भाग थेट बसवू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यातला दोष नंतर सापडला तर सगळे कूलंट पुन्हा काढावे लागते.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. इंजिन पूर्ण गार असावे, कारण गरम असताना टोपी उघडली तर दाबाखालचे कूलंट अंगावर उसळते. काढलेले कूलंट झाकून ठेवावे. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि कुत्र्यामांजरांचा जीव घेते. थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या हाउसिंगचा पृष्ठभाग लाकडी पट्टीने साफ केला, रबरी रिंग नवी घातली आणि तिच्या जोडीला सीलंट मुळीच लावला नाही. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात, त्यामुळे ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपलीकडे आवळले की आटे गेलेच. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे निम्मे मिसळून सावकाश भरले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि रेडिएटरचा पंखा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन जागेवरच चालू दिले. तेवढ्या वेळात कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहिले आणि मग थांबले.

थर्मोस्टॅट आणि प्लास्टिकचे हाउसिंग एकत्र करून पूर्ण संच विकण्याची जी पद्धत आता रूढ झाली आहे, ती ग्राहकाचा खर्च वाढवण्यासाठीच आहे असे माझे तेव्हा ठाम मत होते. ते आता तितके ठाम राहिलेले नाही. मधल्या काळात भावाच्या गाडीचे हेच काम करताना प्लास्टिक हाउसिंगचे तोंड पाईप नुसता सैल करताच तडकले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते पार ठिसूळ झाले होते. अशा गाडीला सुटा थर्मोस्टॅट घालून पैसे वाचवण्यात अर्थ नाही. माझ्या गाडीचे हाउसिंग धातूचे आहे, आणि तशा गाड्यांसाठी सुटा भागच मिळत राहिला पाहिजे, एवढा आग्रह मात्र कायम आहे.

इतक्या महिन्यांच्या वापरानंतर स्कॅनरवर हमरस्त्याचे तापमान स्थिर दिसते. पूर्वी लांब उतारावर ते घसरत जायचे, तसे आता होत नाही. हीटर व्यवस्थित तापतो, कोड परत आलेला नाही, टाकीतली पातळी खुणेवरच आहे आणि हाउसिंगच्या सांध्यावर पांढरट डागही नाही. जवळच्या फेऱ्यांत मायलेज स्पष्ट सुधारले. लांबच्या प्रवासात फरक इतका थोडा आहे की तेवढ्यासाठी कोणी हे काम करावे असे मी म्हणणार नाही.

तक्रार उरते ती खोक्यांबद्दल. त्यांवर गाडीचे मॉडेल असते, भागाचा क्रमांक असतो, क्वचित तापमानही असते. पिन आहे की नाही हे मात्र मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर लिहिलेले नव्हते. तेव्हा खोके दुकानातच उघडून पाहावे, आणि मूळ थर्मोस्टॅटला पिन असेल तर बिनपिनेचा भाग काउंटरवरूनच परत करावा.