बँकॉकमध्ये बसून व्हिएतनामचा ई-व्हिसा: सेवा कशी आहे?

कोल्हापूरहून थायलंडला गेलेल्यांना पुढे हनोई खुणावू लागलं, तर परत यायची गरज नाही. व्हिएतनाम सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर अर्ज कुठूनही भरता येतो. एकेरी प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०, मुदत ९० दिवसांपर्यंत. सेवा चांगलीच आहे, पण चुकीला माफी नाही. नाव पासपोर्टवरच्यासारखंच हवं. एक अक्षर चुकलं की विमानतळावर अडवतात, आणि फी परत मिळत नाही.

खरी अडचण पैसे भरताना येते. बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, तेव्हा रोमिंग आणि कार्डावरचे परदेशी व्यवहार निघण्याआधीच चालू करा. चष्म्याविना काढलेला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो राजारामपुरीतल्या स्टुडिओतूनच मोबाईलवर घेऊन ठेवा. व्हिसा मिळायला सांगतात तीन दिवस, पण ते कामाचे. शनिवार-रविवार धरू नका, आठवडा हाताशी ठेवा. मिळत्याजुळत्या नावाची खासगी संकेतस्थळं जास्त पैसे उकळतात, पत्ता नीट वाचा.

शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचं, मात्र असं जमत नाही. तो अर्ज साधारणपणे राहत्या देशातूनच करायचा असतो, म्हणून बोटांचे ठसे पुण्यात देऊनच निघा.