कादंबरीचा ‘प्रकार’ ठरवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

सांगली-मिरजेकडच्या नव्या लेखकांनी हे जरूर वाचा. कादंबरी लिहून झाली, प्रकाशक शोधायला लागलो, आणि ‘साहित्य सल्लागार’ म्हणवणाऱ्या एका माणसाने मला व्हॉट्सअॅपवर गाठलं.

माझी कादंबरी हरिपूरची. हळद साठवायची जमिनीखालची पेवं, 2005 च्या महापुरात त्यांत शिरलेलं पाणी आणि त्याच रात्री बेपत्ता झालेला एक हमाल. हिला ग्रामीण म्हणायचं, सामाजिक की रहस्यकथा, हे मला ठरवता येत नव्हतं. त्याने नेमकं तेच हेरलं. “प्रकार चुकला की प्रकाशक पहिलं पानही उलटत नाही,” असं सांगून ‘प्रकार-निश्चिती अहवाला’चे साडेचार हजार घेतले. मग रहस्यकथेचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, वेगळा काढावा लागतो, म्हणून आणखी सहा हजार.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, “गडावरच्या प्रसंगातलं नायिकेचं धैर्य प्रभावी.” माझ्या कादंबरीत गड नाही. नायिकाही नाही, आहे ती हमालाची म्हातारी आई. मिरजेच्या ओळखीच्या एका बाईंनी ऐतिहासिक कादंबरी लिहिली आहे. त्यांच्याकडचा अहवाल मागून ताडून पाहिला, तर वाक्यन् वाक्य तेच, फक्त शीर्षक वेगळं. फोन केला तर “टायपिंगची चूक झाली,” म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

आयएसबीएनची थापही नीट समजून घ्या. त्यात 13 अंक असतात. सुरुवातीला 978 किंवा 979, पुढे देश वा भाषेचा गट, प्रकाशक, पुस्तक आणि शेवटी तपासणीचा अंक. ग्रामीण, रहस्य असलं काही त्यात येतच नाही. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, आणि एरवी ते काम प्रकाशकच करतो.

प्रकाराचं म्हणाल तर पत्रात दोन ओळी पुरतात. ज्याच्याकडे पाठवायचं त्या प्रकाशकाची पुस्तकं वाचनालयात बसून चाळा, आपली कादंबरी त्यांतल्या कशाशेजारी शोभेल ते बघा आणि तसं लिहा. पुढचं प्रकाशक ठरवतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. तिथेही वाङ्मयप्रकार म्हणजे कविता, कथा, कादंबरी, नाटक असेच. एका कादंबरीत दोन-तीन छटा असणं हा काही दोष नव्हे. तो दोष असल्यासारखी भीती नवख्या माणसाला घालतात, याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि गोठवणं अवघड होतं. माझी तक्रार नोंदली गेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. असा अहवाल तुम्हालाही आला असेल तर तो, यूपीआयची पावती आणि सगळं चॅट जपून ठेवा, आणि तक्रारीला जोडा.