रायगड-जंजिरा की रत्नागिरी-मालवण? ग्रुप टूर ठरवण्याआधी

कोकणच्या ग्रुप टूरचं पत्रक हातात आलं की आपण आधी ठिकाणं मोजतो. मीही मोजली होती. आई आणि मावशीला घेऊन दोन हिवाळ्यांत दोन्ही बाजूंच्या सहली केल्यावर आता मी ठिकाणांआधी पायऱ्या मोजते आणि भरती-ओहोटीची वेळ विचारते.

रायगड-जंजिरा-हरिहरेश्वर ही सहल साधारण तीन दिवसांची. मुंबई-पुण्याहून थेट बस, रजा कमी लागते. पैसे वसूल होतात ते रायगडावर. रोपवेने वर गेलो म्हणजे चालणं संपलं असं मात्र नाही. राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ आणि पुढे जगदीश्वर, महाराजांची समाधी हे सगळं उन्हातून पायीच. इथे वाटाड्या चांगला हवा. आमच्याबरोबरच्या गृहस्थांनी नगारखान्यापाशी कागद टरकावला आणि तो आवाज सिंहासनाच्या जागेजवळ उभ्या मावशीला ऐकू आला. १६७४ च्या राज्याभिषेकाचं वर्णन तिने शाळेत पाठ केलं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्या कागदाच्या आवाजाने.

जंजिऱ्याचं गणित वेगळं. राजपुरीहून शिडाची होडी, आणि दरवाजाशी हलत्या होडीतून थेट पायरीवर पाय टाकायचा. होडीवाले हात देतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचा जीव तिथे मुठीत येतो. आई होडीतून उतरलीच नाही. कलालबांगडी तोफ तिने माझ्या मोबाइलवर पाहिली. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटी असेल तरच होते. आमच्या टूरवाल्यांनी आम्हाला ऐन भरतीला तिथे नेऊन ‘देवदर्शन झालं ना?’ म्हणून पुढे हाकललं.

रत्नागिरी-मालवणची सहल पाच दिवसांची, महाग, पण रात्रीच्या कोकणकन्येने गेलात तर महामार्गाची कामं आणि घाटातली वळणं दोन्ही चुकतात. रत्नागिरीत टिळकांचं जन्मघर आणि थिबा पॅलेस एका सकाळीत आरामात होतात. थिबा पॅलेस बरेच जण ‘जुना वाडा’ म्हणून उरकतात. ते करू नका. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून देशाबाहेर काढलं. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. गाइड नसेल तर तिथे नुसत्या रिकाम्या खोल्या दिसतात.

गणपतीपुळ्याबद्दल वेगळं सांगायला नको, प्रत्येक टूर तिथे थांबतेच.

ज्यांना इतिहासाची आवड आहे पण पाय साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी माझं मत विजयदुर्गाला. होडी नाही, बस किल्ल्याजवळ जाते, तिहेरी तटबंदी खालूनच दिसते. सिंधुदुर्गाला मालवणहून होडी लागते, पण जंजिऱ्याच्या मानाने चढ-उतार सोपा वाटला. आई उतरली, दोन बुरुजांच्या आड लपलेला तो दरवाजा तिने हात लावून पाहिला. चहूकडे खारं पाणी असताना किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं, याचंच तिला जास्त कौतुक. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन या एकाच फेरीत होतात. दुसऱ्या फेरीत त्यातला रायगड. जंजिरा सिद्दीचा, तो त्या यादीत नाही.

जेवणाचं आधी विचारून घ्या. मालवणात बसून आम्हाला सलग दोन दिवस पनीर वाढलं, कारण सगळ्या बसला एकच शाकाहारी मेनू ठरला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी गुपचूप सटकलो आणि एका खानावळीत सुरमई, भात, सोलकढी जेवून आलो. मावशीने टूर मॅनेजरला ‘दुकानं बघत होतो’ असं सांगितलं.

लहान मुलं, चालणारी तरुण मंडळी आणि हातात एक जोडून सुट्टी असेल तर रायगडची बाजू. बरोबर ज्येष्ठ असतील तर पैसे साठवा आणि मालवण करा, डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात दोन्ही जलदुर्गांच्या होड्या बंद असतात. जूनमधल्या ‘सवलतीच्या’ सहलीत जंजिरा किंवा सिंधुदुर्ग लिहिलेला असेल, तर तो किनाऱ्यावरूनच दाखवतील, एवढं पैसे भरण्याआधी विचारा.