कांद्याचा रोजचा भाव: पणन मंडळाचं पान आणि त्यातला शेवटचा रकाना

सातपूरला कंपनीत जेवणाची सुट्टी झाली की मी आधी राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचं बाजारभावाचं पान उघडतो. आमची शेती निफाड तालुक्यात, दादा बघतो. गाडी कधी भरायची ते फोनवर ठरतं. पान फुकट आहे. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत अशा ओळी वेगळ्या, आणि प्रत्येकीपुढं आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर.

या शेवटच्या रकान्यासाठी माझ्याकडून पाचपैकी पाच.

गावच्या ग्रुपवर नुसता जास्तीत जास्त दर फिरतो. तो बघून दादा हळहळायचा, "आपलाच कमी निघाला." मग मी वरचा-खालचा दर मिळवून निम्मा करायचो. तेही चुकीचंच. समजा क्विंटलला ४०० आणि १७०० रुपये, तर निम्मे १०५०. पण ४०० ला जाते ती एखाद-दुसरी गोल्टीची, म्हणजे बारीक कांद्याची, किंवा खाद म्हणजे खराब कांद्याची गाडी. बाकीचा यार्ड १३००-१४०० च्या आसपास असतो. त्या दोन गाड्यांपायी सगळ्यांचा भाव खाली दिसतो. सर्वसाधारण दर म्हणजे दहावीच्या पुस्तकातला बहुलक, बहुतेक माल ज्या भावाला गेला तो.

हे पटल्यावर मी आमच्याच उन्हाळ कांद्याच्या सात गाड्यांच्या हिशोबपट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, घेऊन बसलो. क्विंटलला १०००, १०५०, ११००, ११००, ११५०, १२००, आणि कांदा साठवायच्या चाळीत शेवटपर्यंत राखलेल्या मालाला २५००. सरासरी १३००! सातातल्या सहा गाड्या तिच्या खालीच. ओळीनं मांडून मधला आकडा घेतला तर ११००, मध्यक. शिवाय आधीच्या सहा गाड्या २५-२५ क्विंटलच्या, शेवटची घट होऊन जेमतेम १०. वजन धरून हिशोब केला तर भाव पडला ११८७ रुपये ५० पैसे. बँकेत आलेले पैसे याच आकड्याशी जुळतात. दादानं विचारलं, "मग आपल्याला भाव काय मिळाला म्हणायचं?" मी म्हटलं, एकूण पैसे मोजायचे तर ११८७, आणि एरवीच्या गाडीला काय मिळालं हे सांगायचं तर ११००.

पान वापरणाऱ्यांनी आवकेचा रकाना सोडू नये. एखाद्या दिवशी आवक शे-दोनशे क्विंटलच असेल, तर तो दर थोड्याच गाड्यांवरून निघालेला असतो, म्हणून त्या दिवशीचा सर्वसाधारण दर बघून आम्ही गाडी भरत नाही. दुसऱ्या दिवसाची वाट बघतो.