को-कल्चर इन्सर्ट (१२ वेल, ०.४ मायक्रॉन): काम चोख, खिशाला मात्र जड

इन्सर्ट म्हणजे प्लेटच्या खड्ड्यात (वेलमध्ये) बसणारी, तळाला बारीक भोकांचा पडदा असलेली छोटी वाटी. वरती एंडोथेलियल सेल्स (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी) आणि खाली स्मूथ मसल सेल्स (तिच्या भिंतीतल्या स्नायूपेशी) वाढवून एकाकडचं कोलेस्टेरॉल दुसऱ्याकडे जातं का हे बघायचं होतं म्हणून लॅबसाठी मागवले. ०.४ मायक्रॉनच्या भोकातून अख्खी सेल पलीकडे जात नाही पण एलडीएलचा (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा) कण जेमतेम २०-२५ नॅनोमीटरचा, तो आरामात जातो, त्यामुळे शेवटी दोन्ही थर वेगळे काढून लिपिड (कोलेस्टेरॉलसारखी चरबी) मोजता येतं, सगळं एकाच डिशमध्ये मिसळलं असतं तर कुणाचं काय हे शोधत बसावं लागलं असतं.

घ्यायचे तर पारदर्शक पॉलिएस्टर पडद्याचे घ्या. पॉलिकार्बोनेट मायक्रोस्कोपखाली धुरकट दिसतं, थर पूर्ण जुळलाय की नाही कळतच नाही, आणि थरात फटी असतील तर लिपिड सेलमधून गेलं की फटीतून हे कसं सांगणार? इन्सर्ट जरा तिरका धरून सोडा नाहीतर खाली बुडबुडा अडकतो.

फ्लुरोसंट कोलेस्टेरॉल वापरणार असाल तर बिनसेलचा एक इन्सर्ट कंट्रोल म्हणून (तुलनेसाठी) ठेवाच ठेवा, तो रंग नुसता पाझरूनही खाली येतो आणि प्लास्टिकलाही चिकटतो! सेल्सना घालायचं सीरम (रक्तातला द्रव भाग) पण लिपोप्रोटीन (एलडीएलसारखे चरबी वाहणारे कण) काढलेलं घ्या. हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही, लिहायला काय जातं यांचं.

चार स्टार. एक कापला किमतीसाठी, एकदा वापरून फेकायच्या वस्तूला एवढे पैसे म्हणजे गाइडची सही घेताना मान खालीच जाते.