सायकलच्या सीटमागच्या बॅगेसाठी कोणतं कॅरिअर घ्यावं?

अक्कलकोटहून सोलापूरला परतताना वळसंग ओलांडलं आणि मागून खर्र खर्र आवाज यायला लागला. मडगार्ड सैल झालं असेल म्हणून उतरलो. सीटच्या मागे आडवी टांगलेली जाड कापडी बॅग लोंबून टायरला टेकली होती आणि तळाला आठाण्याच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. आतली चादर टायरला घासून काळी झाली होती. बॅग चांगली होती, पट्टेही घट्ट होते. तिला खालून आधार नव्हता, एवढंच.

त्यानंतर मी तीन-चार प्रकारचे आधार वापरून पाहिले. तुम्ही दुकानात जायच्या आधी एक काम करा. बॅग भरून सीटला टांगा, तुमच्या नेहमीच्या उंचीला सीट ठेवा आणि टेपने मोजा: सीटखालच्या दोन आडव्या दांड्यांपासून टायरपर्यंत किती, आणि भरलेली बॅग किती खोल. उंच माणसाच्या सायकलला हे अंतर 30 सेंटिमीटर आणि बॅग 22 ची असेल, तर ती टायरला लागतच नाही. त्यांना आधाराची गरज नाही, पैसे वाचले. उलट अंतर 20 आणि बॅग 22 असेल, तर आधार लागणारच. कोणता घ्यायचा, हे या दोन आकड्यांवर ठरतं. कॅरिअरवर 25 किलो कोरलंय की 50, याने काही बिघडत नाही. दोन लिटर पाणी, शेंगा चटणी, कडक भाकरी, ट्यूब, पंप आणि एक सोलापुरी चादर मिळून बॅग पाच-सहा किलोच्या पुढे सहसा जात नाही.

दुकानात सर्वांत आधी दाखवतात ते सीटच्या उभ्या दांड्याला आवळायचं कॅरिअर. फ्रेमला भोकं नसली तरी चालतं, पाच मिनिटांत बसतं, म्हणून मोह होतो. माझा अनुभव चांगला नाही. दांडा गोल आणि वजन त्याच्यापासून वीतभर मागे, त्यामुळे क्लॅम्प कितीही आवळा, खड्ड्यांच्या रस्त्यावर ते हळूहळू बाजूला फिरतं. सीट खाली असेल तर क्लॅम्प लावायला दांडाच पुरेसा उघडा राहत नाही, आणि बुटक्या माणसाला तर आधाराची गरज सगळ्यांत जास्त. दांडा कार्बनचा असेल तर हा विचारच सोडा. ज्यांना रविवारी संभाजी तलावापर्यंत जाऊन यायचंय आणि बॅगेत रेनकोटच आहे, त्यांना चालेल.

दुसरा प्रकार आपल्याकडे कमी दिसतो. इंग्लंडमधल्या लँकशायरची कॅराडाइस कंपनी 1932 पासून सुती डक कापडाच्या अशा बॅगा बनवते. त्यांचाच बॅगमन नावाचा आधार आहे. तो सीटखालच्या आडव्या दांड्यांनाच आवळला जातो आणि वाकवलेली सळई बॅगेखाली येते. बॅग मागे सरकते, मांड्यांना घासत नाही, आणि सायकल कॅरिअर नसल्यासारखी मोकळी दिसते. कल्पना सुंदर आहे. पण सगळा भार सीटच्या दोन दांड्यांवर येतो, आणि बॅग सोडून दुसरं काहीच त्यावर ठेवता येत नाही. मागवून घ्यावा लागतो, तुटला तर परत मागवावा लागतो. गावाबाहेरच्या लांब फेऱ्यांसाठी मला ते पटलं नाही.

उरलं ते फ्रेमला चार ठिकाणी बोल्टने बसणारं कॅरिअर. माझं मत सरळ याच्या बाजूने आहे. वजन थेट मागच्या चाकाच्या आसाजवळ उतरतं, उभं राहून पेडल मारलं तरी बॅग झुलत नाही. तुळजापूरच्या घाटात हा फरक पायांना कळतो. घेण्याआधी फ्रेमवर मागे 5 मिलीमीटरच्या बोल्टची भोकं आहेत का बघा. नसतील तर फ्रेमच्या नळीला आवळायच्या, रबर लावलेल्या पी-क्लिपवर काम भागतं. डिस्क ब्रेक असेल तर सायकल सोबतच न्या. डाव्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, कॅरिअरच्या पायाला अडतो का, ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

ॲल्युमिनियम की लोखंड? ॲल्युमिनियमचं हलकं असतं, गंजत नाही आणि बाजारात तेच जास्त मिळतं. पण खड्ड्यांचे हादरे खाऊन ते एखाद्या दिवशी जोडाजवळ चिरतं, आणि मग रस्त्यावरचा वेल्डर हात लावत नाही. लोखंडी कॅरिअर कुठल्याही गेट-ग्रिलच्या दुकानात दहा मिनिटांत जोडून मिळतं. रंग उडाला तिथे गंज धरतो, तेवढं एनॅमलचं बोट फिरवायचं. मी लोखंडी वापरतो.

बॅग आणि कॅरिअरमध्ये पाच-सहा सेंटिमीटरची फट राहत असेल, तर तयार कॅरिअरवर बॅग टेकतच नाही, आधार नावालाच राहतो. अशांनी वेल्डरकडून सळईचा छोटा माचा करून घ्यावा आणि तो कॅरिअरवर बसवावा. इथे एक हिशेब लक्षात ठेवा: 8 मिलीमीटरची भरीव सळई मीटरला साधारण 400 ग्रॅम भरते, 6 मिलीमीटरची सव्वादोनशे. वेल्डर हाताशी असलेली जाड सळईच उचलतो. पाच-सहा किलोंच्या बॅगेला 6 ची पुरते, असं त्याला ठामपणे सांगा.

बॅगेच्या पट्ट्यांबद्दल थोडं. ब्रुक्ससारख्या चामडी सीटला मागे पट्टे ओवायच्या कड्या असतात. आपल्या फोमच्या सीटला त्या नसतात. पट्टे खालच्या दांड्यांभोवती ओवा, स्प्रिंगभोवती ओवू नका. स्प्रिंग दबते-उघडते आणि पट्टा कापते.

कॅरिअर बसलं की जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून त्याच्या सळयांवर घट्ट गुंडाळा. कापड घासत नाही आणि खडखडाट थांबतो. माझ्या बॅगेच्या त्या भोकावर चप्पल शिवणाऱ्या मामांनी आतून चामड्याचा तुकडा लावून दिला. ट्यूब गुंडाळल्यापासून त्या शिवणीचा एक दोराही उसवलेला नाही. पहिली फेरी नान्नजपर्यंतच करा, येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर, आणि घरी आल्यावर 4 नंबरची एलन की घेऊन चारही बोल्ट एकदा तपासा. नवीन बोल्ट पहिल्याच फेरीत थोडे ढिले होतात.